जुने संगणक आणि अपरिग्रह

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एखाद्या लहान कार्यालयात जुने संगणक धडधाकट असतात, पण नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्यांच्यावरच्या विंडोज एक्सपीला मिळत नाही. मग ते भंगारात देणे हा त्याग की अपव्यय? माझ्या मते अपव्यय. पतंजलीने यमांत आणि जैनांनी महाव्रतांत घातलेला अपरिग्रह हाताशी असलेले मोडीत काढायला सांगत नाही, गरजेबाहेर जमवू नका म्हणतो. टेबलागणिक प्रिंटर घेणे हाच परिग्रह. लिनक्स आणि कप्स ही छपाईची प्रणाली घातलेला एकच संगणक प्रिंट सर्व्हर झाला, की बाकीची यंत्रे पोर्ट 631 वरून पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या साध्या भाषेत पाने पाठवतात. त्यांची रांग लावणे आणि प्रिंटरला कळेल असे रूप देणे सर्व्हरकडे. नवा ड्रायव्हर फक्त त्यालाच लागतो.

कोणी म्हणेल, हा जुन्याचा मोह. पण मोह वस्तूला कवटाळतो, इथे जपले जाते ते काम. अंबरनाथच्या शिवालयातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा, तरी ते देऊळ जिवंत आहे ते वयामुळे नव्हे, आजही तिथे पूजा होते म्हणून. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या 8 एप्रिल 2014 ला थांबल्या, आणि आपल्या काटकसरीपायी दुसऱ्यांची माहिती धोक्यात घालणे ही अहिंसा नव्हे. म्हणून ही यंत्रे इंटरनेटपासून तोडून कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातच ठेवावीत. वीज खाणारे जुने काचेचे मॉनिटर (त्यांच्याबद्दल हळहळ नको) खुशाल बदलावेत. बँकेचे व्यवहार होतात त्या टेबलावर मात्र माझा युक्तिवाद टिकत नाही. तिथे नवा संगणकच घ्यावा.