वर्गांतील फांसे

संभवशास्त्र शिकवितांना वर्गांत फांसे आणावे कीं नाहींत, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ अध्यापनपद्धतीचा वाटतो. परंतु तो नीतीचाही आहे. ज्या व्यसनापायीं पांडवांचें राज्य गेलें, त्याचें साधन शिक्षकानेंच विद्यार्थ्यांच्या हातीं द्यावें काय, ही पालकांची शंका हंसण्यावारी नेण्याजोगी खास नाहीं.

हें शास्त्र वाढलेंच मुळीं जुगाराच्या पटावर. १६५४ सालीं पास्कल व फर्मा या फ्रेंच गणितज्ञांमध्यें जो पत्रव्यवहार झाला, त्यांतील एक मुख्य प्रश्न अर्धवट राहिलेल्या डावांतील पैशांची न्याय्य वांटणी कशी करावी, हा होता. पण उगमाचा दाखला म्हणजे समर्थन नव्हे. फांशांनीं विद्यार्थ्यास कोणतें हित साधतें, तें पाहिलें पाहिजे.

एक फांसा ४ वेळां टाकला असतां निदान एकदां सहा पडण्याचा संभव १२९६ पैकीं ६७१, म्हणजे निम्म्याहून किंचित् अधिक असतो. मग दोन फांसे २४ वेळां टाकल्यास एकदां तरी दोन्हींवर सहा पडण्याचा संभव तितकाच असेल, असें कोणासही वाटावें. कारण ४ चें ६ शीं जें प्रमाण, तेंच २४ चें ३६ शीं. हिशेब मात्र सांगतो कीं, तो शेंकडा ४९ च्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कमी आहे. मनाची ग्वाही आणि गणिताची ग्वाही यांतील हें अंतर विद्यार्थ्यास फांशांनीं जितकें पटतें, तितकें फळ्यावरील सूत्रानें पटत नाहीं. लागोपाठ पांच वेळां सहा पडले म्हणून सहाव्या वेळीं ते टळत नाहींत; फांशास स्मरण नसतें. मॉन्टे कार्लो येथें १९१३ सालीं रूलेटच्या चक्रावर लागोपाठ २६ वेळां काळा रंग आला, तेव्हां 'आतां तांबडा आलाच पाहिजे' या समजुतीनें पैसे लावणारे बुडाले.

परंतु ज्ञान झालें म्हणजे मोह सुटतो काय? नलोपाख्यानांत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें अंदाजानें अचूक सांगतो आणि नलास गणनेची व फांशांची विद्या देतो. ती मिळतांच नलाच्या देहांतून कलि बाहेर पडतो. तरी त्याच विद्येनें नलानें पुन्हां द्यूत खेळून पुष्करास जिंकलें, हेंही विसरतां कामा नये. म्हणजे ज्ञानानें भ्रम जातो, जिंकण्याची इच्छा जातेच असें नाहीं. नलाचा मोठेपणा दिसतो तो डाव जिंकण्यांत नव्हे, तर जिंकल्यावर भावास अभय व त्याचा वांटा देण्यांत. आणि हें त्यास कोणत्याही गणितानें शिकविलें नव्हतें.

म्हणून आमचें मत असें कीं, वर्गांत फांसे खुशाल यावे, पण पण लावणें येऊं नये; चिंचोक्यांचाही नको. जुगारांत एकाची प्राप्ति ती दुसऱ्याची हानि असते, हें वाक्य संभवशास्त्राच्या पुस्तकांत विद्यार्थ्यास सहसा सांपडणार नाहीं. तें शिक्षकानेंच आपल्या तोंडानें सांगितलें पाहिजे.