चढणीची तारीख

मृगाच्या दिवशी सिकंदराबादेत मासळी आणायला निघालात तर पिशवीबरोबर थोडा धीरही घेऊन निघा. मृगशिरा कार्ती लागली की इथल्या तेलुगू घरांत त्या दिवशी मासा शिजतोच. तिकडे नामपल्लीच्या मैदानावर दम्याचे रोगी औषध घातलेलं मरळीचं जिवंत पिल्लू गिळायला रांगेत उभे असतात, इकडे बाजारात पहाटेपासून बर्फाच्या पेट्या फुटत असतात. यंदा माझ्या वाट्याला आलेली मृगळ बाईने एका हाताने धरून चिरली आणि पोटातून गाभोळीच्या दोन पिवळट लांब पट्ट्या बाहेर घसरल्या. दाणे खसखशीहून जेमतेम मोठे. मी बघतच राहिलो. तिला वाटलं, मला ती नको असावी. "फेंको नक्को साब, येच तो माल है," ती म्हणाली. (दखनीतला हा 'नक्को' आपल्याच घरचा, म्हणून दर वेळी कानाला गोड लागतो.)

गाभोळी मी तळून खाल्ली, खोटं कशाला बोलू! पण किलोभराच्या मृगळीच्या पोटात लाखाच्या घरात अंडी असतात, आणि ती घालायची वेळ नेमकी हीच. हा हिशेब त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

आपल्याकडे याच दिवसांत मासे चढतात. घाटावर त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कोकणात वलगणीचे. पहिला दांडगा पाऊस झाला, ओढ्याला लाल पाणी आलं, की नदीतला मासा उलटा निघतो. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात, कधी घोटाभर पाण्यात पाठ उघडी टाकून. लहानपणी ज्याने हे पाहिलं त्याला मासा मूर्ख वाटतो, कारण तो सरळ हातात येतो. पण तो येतो तो तारीख पाळायला. पाणी चढतंय, गढूळ झालंय, थोडं गारही झालंय आणि मुख्य म्हणजे वाहतंय, एवढ्या सगळ्या खुणा एकदम पटल्या तरच रोहू-मृगळीच्या जातीची मादी अंडी सोडते. ही अंडी कशाला चिकटत नाहीत. पाणी पिऊन फुगतात, प्रवाहाबरोबर गडगडत जातात, दिवसभराच्या आत फुटतात, आणि त्यातली डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं काठच्या उथळ, कोमट पाण्यात पसरतात. प्रवाह थांबला तर अंडं गाळात बसतं आणि गुदमरतं. खुणाच मिळाल्या नाहीत तर मादी अंडी घालतच नाही. ती पोटातच जिरतात.

शहरात मान मरळीला. कोरमीनू म्हणून ती इथे जिवंत विकली जाते आणि तेलंगणाचा तो राज्यमासाही आहे. पण मरळ हा तळ्यातला गृहस्थ. पाणवनस्पतींत जागा साफ करून घरटं करतो, पिल्लांवर पहारा देतो, वरची हवा घेऊन जगतो. त्याला धरणाच्या भिंतीचं सुखदुःख नाही. नदीच्या माशाला आहे.

पुराबद्दल या शहराचं मत ठाम आहे आणि त्याला कारणही आहे. 28 सप्टेंबर 1908ला मुसी नदीने हजारो माणसं नेली. मग विश्वेश्वरय्यांना बोलावणं गेलं, आणि उस्मानसागर व हिमायतसागर झाले. आजोबा-पणजोबांच्या पिढीला पूर म्हणजे मरण, आणि भिंत म्हणजे सुटका. त्यांना कोण नावं ठेवील? माझ्या नळाला येणारं पाणीही मांजरा, कृष्णा, गोदावरी यांतल्या कुठल्या तरी धरणाचंच. पण धरणाच्या कामाची पद्धत अशी की पावसाळ्यातला पहिला लोंढा ते पोटात घेतं. उन्हाळ्यात तळ गाठलेला, साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरणारा नाथसागर भरेपर्यंत पैठणच्या खाली गोदावरीला स्वतःचं असं थोडंच पाणी असतं. भरला की मग दरवाजे उघडतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात एकदम पूर येतो. अभियंत्याच्या वहीत दोन्ही सारखंच: इतकं टीएमसी आलं, इतकं सोडलं. माशाच्या हिशेबात जूनअखेरचं पाणी आणि सप्टेंबरचं पाणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भिंत अडवते हे सगळ्यांना दिसतं. ती तारीख बदलते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला ही गोष्ट फार आधी घडली. राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरमला आर्थर कॉटनने 1852 साली बंधारा पुरा केला. त्रिभुज प्रदेशातला दुष्काळ हटला; तिथले शेतकरी या गोऱ्या साहेबाला आजही देवासारखा मानतात. पण समुद्रातून पुराच्या पाण्यावर वर येणारा हिलसा त्या भिंतीपाशी अडला. गोड्या पाण्यात शिरला की त्याला पुलसा म्हणतात, आणि पुलशासाठी मंगळसूत्र विकलं तरी चालेल, अशी तेलुगूत म्हणच आहे. आज तो बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला सापडतो आणि किलोला हजारांत जातो. फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाने 1873च्या सरकारी अहवालात बंधाऱ्यांपायी माशांच्या वाटा बंद होत असल्याकडे लक्ष वेधलं होतं. विलायतेत साल्मनसाठी पायऱ्या बांधतात. पण साल्मन उडी मारतो, हिलसा मारत नाही. परक्या माशाची शिडी आपल्या माशाच्या काय कामाची?

या सगळ्यावर ओरड का झाली नाही, याचं उत्तर मला वाटतं 10 जुलै 1957 या तारखेत आहे. त्या दिवशी ओडिशात अंगुल इथे हीरालाल चौधरी यांनी कार्प माशाला पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन बंद पाण्यात अंडी घालायला लावली. शोध मोठाच. तोवर मत्स्यबीज नदीतून गाळून आणावं लागे. आता ते हौदात मिळू लागलं. मत्स्यजिरे, मग बोटुकली, मग ट्रकमधून तलावात. माझी ती मृगळही बहुधा अशाच हौदातली, गंगेकडच्या जातीची, इंजेक्शनने जन्मलेली. नदीची तक्रार करणारा खरा फिर्यादी होता भोई. त्याच्या हातात बोटुकलीचा डबा दिल्यावर फिर्याद निकालात निघाली.

पण हौद नदी देत नाही. उजनीत आज जाळ्याला लागते ती मुख्यतः चिलापी, आफ्रिकेतून आलेली. कर्नल साइक्सने 1839मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली तेव्हा इथल्या कोळ्या-भोयांच्या तोंडची नावं तशीच लॅटिनात घातली: कोलस, फुलुंगी, मुल्या, खुद्री. जगभरच्या ग्रंथांत मराठी शब्द आहेत ते असे. त्यातला खुद्री म्हणजे महसीर. लोणावळ्याला वळवणच्या धरणाकाठी टाटांच्या वीज कंपनीने त्याची पैदास केली, मनापासून आणि उत्तम केली. तीच बोटुकली कावेरीतही सोडली गेली, आणि तिथला पाठीवर वशिंड असलेला मूळचा महसीर मागे हटत गेला. 2018 साली तो अतिसंकटग्रस्त ठरला.

अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं 2024पर्यंत पाडली आणि त्याच वर्षी साल्मन वर पोहोचला. आपल्याला ते परवडणार नाही, आणि माझं मागणंही ते नाही. मला बाभळीबद्दल बोलायचं आहे.

सिकंदराबादहून मनमाडकडे जाताना बासरला गाडी गोदावरी ओलांडते, लोक खिडकीतून नाणी टाकतात. खाली दिसतो तो पोचमपाडच्या श्रीरामसागराचा फुगवटा. तिथून थोडं वर, धर्माबाद तालुक्यात, बाभळीचा बंधारा. त्यावरून दोन राज्यं भांडली, आणि 28 फेब्रुवारी 2013ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर चौदाही दरवाजे वर. हेतू खालच्या राज्याचं पाणी राखण्याचा होता, न्यायमूर्तींच्या मनात मासा असण्याचं कारण नव्हतं. पण फुगवट्यातल्या माशाला नांदेडच्या दिशेने एक उघडी वाट मिळाली, तीही नेमकी चढणीच्या दिवसांत. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यात काढतात ते पुराच्या धास्तीने, पण तिथेही नकळत हेच साधतं.

नकळत साधतं ते जाणून का साधू नये? धरणाच्या दरवाजांचं वेळापत्रक दरवर्षी बनतंच. त्यात जुलैतले चार दिवस, पहिल्या येव्यातला एक लहानसा वाटा तसाच पुढे जाऊ देणारे, मत्स्यखात्याला विचारून लिहावेत. त्याने सिंचन बुडणार नाही. वरच्या बंधाऱ्यांनी बाभळीच्या तारखा पाळल्या तर वाट विष्णुपुरीपर्यंत जाईल. तिथे भिंत आहे, तिचा विचार नंतर.

बाभळीचे दरवाजे दरवर्षी दोन्ही राज्यांच्या आणि केंद्रीय जल आयोगाच्या अधिकाऱ्यांसमोर उचलले जातात. खाली येतात ते 29 ऑक्टोबरला, दिवाळीच्या आगेमागे.