मागताक्षणी

शनिशिंगणापुरातल्या एका घरातून मी एक नोट विकत घेतली, त्याला आता काही वर्षं झाली. घराला दार नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. चौकट होती, तिला पडदा होता आणि रात्री कुत्री आत येऊ नयेत म्हणून टेकवायची एक फळी भिंतीशी उभी होती. आजींनी आतून पत्र्याचा डबा आणला. शेतसाऱ्याच्या पावत्या, एक जुनी पत्रिका आणि त्यांच्या मधोमध घडी घातलेला एक पांढरा कागद. आजेसासरे मुंबईला गोदीत होते, त्यांचं काहीतरी असेल, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मला त्याहून बरंच जास्त ठाऊक होतं. तो कागद म्हणजे मुंबई मंडळाची, व्हिक्टोरियाच्या काळातली दहा रुपयांची नोट होती. एकाच बाजूला छापलेली, मागची बाजू कोरी; उजेडात धरली की नागमोडी रेघांचं जलचिन्ह दिसतं. मी आजींना दोन हजार रुपये दिले. बाजारात तिला तेव्हा लाखाच्या आसपास किंमत आली असती.

हा सौदा होता की चोरी, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

ही नोट काय चीज होती ते आधी सांगतो. १८६१च्या कायद्यानं नोटा काढण्याचा अधिकार बँक ऑफ बॉम्बेसारख्या इलाखा बँकांकडून काढून सरकारनं स्वतःकडे घेतला. १ मार्च १८६२पासून तो अमलात आला. पहिल्या नोटांवर राणीचं चित्र होतं. त्यांच्या बनावट नोटा निघू लागल्या, तेव्हा १८६७पासून ही चित्र नसलेली, साधी दिसणारी मालिका आली. नोटेवरचा मजकूर म्हणजे सरळ एक वचन होतं : जो कोणी ही घेऊन येईल त्याला, मागताक्षणी, इतके रुपये देऊ. वचन पोकळ राहू नये म्हणून तिजोरीत नाणी आणि सोनं-चांदी ठेवायची. सरकारी रोख्यांवर भागवायची मुभा सुरुवातीला फक्त चार कोटी रुपयांपर्यंत होती.

पण या वचनाला वेस होती. नोट ज्या मंडळाची, त्याच मंडळात ती कायदेशीर चलन. मुंबईचं मंडळ वेगळं, नागपूरचं वेगळं. अकोल्यालाही नोटा निघत. म्हणजे नगरचा माणूस मुंबई मंडळाची नोट घेऊन दुसऱ्या मंडळात गेला, तर तिथल्या दुकानदारावर ती घेण्याची सक्ती नव्हती. पाच रुपयांची नोट १९०३मध्ये या वेशी ओलांडू शकली, दहाची १९१०मध्ये.

आणि नोट धारकाची असते. धारक कोण, हे ती विचारत नाही. चोराच्या हातातही ती तितकीच खरी. म्हणून त्या काळी टपालानं पैसे पाठवणारे लोक नोट मधोमध कापत. एक अर्धी आधी पाठवायची, पोचल्याचं पत्र आलं की दुसरी. वाटेत कुणी अर्धी चोरली तरी तिचा त्याला उपयोग नाही. पलीकडचा माणूस दोन्ही तुकडे चिकटवून नोट वटवी. आजींच्या नोटेलाही मध्ये असा उभा सांधा आहे. पाठीमागे कागदाची पट्टी, कडेला वाळलेली खळ. कुणीतरी कुणाला तरी दोन टपालांत दहा रुपये पाठवले होते. ते वटवायचे का राहून गेले, कोण जाणे. आमच्या छंदात ही गोष्ट सहसा कुणी बोलत नाही : आपल्यापर्यंत पोचलेल्या अशा प्रत्येक नोटेमागे ती वटवायला न गेलेला कुणीतरी असतो. आमचा आनंद कुणाच्या तरी नुकसानीवर उभा आहे.

पण ते नुकसान मी केलेलं नव्हतं. आजींचं मी केलं.

त्यावर संग्राहकांचं उत्तर तयार असतं, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ओळखण्याची नजर कमवायला मी तीस वर्षं घातली. मी खोटं बोललो नाही. किंमत त्यांनी आनंदानं घेतली. मी गेलो नसतो तर तो कागद वाळवीनं खाल्ला असता. आणि त्यांनी विचारलं असतं, “याचे खरे किती येतील?” तर मी खरं सांगितलं असतं.

या शेवटच्या वाक्यापाशी मी अडलो. विचारलं असतं तर. म्हणजे मागताक्षणी. नोटेवरच्या सरकारसारखाच मी वागलो होतो : दारात येऊन मागेल त्याला देईन. पण मागायला काय आहे हेच ज्याला माहीत नाही, त्याचं काय? माझी नजर ही माझी कमाई खरी. पण तिचा मोबदला म्हणून मी किती घ्यावं, हे मी एकट्यानं आणि गुपचूप ठरवलं.

शिंगणापुरात दारं नाहीत ती शनीच्या धाकानं, असं म्हणतात. चोरी करणारा सुखरूप वेस ओलांडत नाही, अशी श्रद्धा आहे. २०११मध्ये युको बँकेनं तिथं शाखा काढली तीही बाहेरून कुलूप न दिसणारी, काचेच्या दाराची. शहरातले लोक यावर हसतात : भीतीपोटीचा प्रामाणिकपणा कसला? मीही हसलो आहे. आता वाटतं, आपण चुकीच्या माणसाकडे पाहतो. भीती असेल ती चोराला. दार न लावता झोपणारा माणूस मात्र समोरच्यावर भार टाकून झोपतो : मी काही मागणार नाही, तपासणार नाही, तुझं तू पाहा. कुलूप असलं की प्रामाणिकपणाचं निम्मं काम कुलूप करतं. ते नसलं की सगळं तुमच्यावर येतं. मी त्या चौकटीतून नोट घेऊन बाहेर पडलो, वेसही सुखरूप ओलांडली, मला काही झालं नाही. काही झालं नाही, हेच नंतर सोसेना.

गेल्या वर्षी परत गेलो. आजींना सगळं सांगितलं. म्हटलं, नोट परत घ्या, नाहीतर उरलेले पैसे घ्या. त्यांनी नातवाला बोलावलं, त्याच्याकडून सगळं नीट समजून घेतलं आणि पैसे घेतले. राग नव्हता. मी निघायला उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग तवाच का नाही सांगितलं, बाबा?”

पैशांचा हिशेब पुरा झाला होता. या प्रश्नाला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी पडदा बाजूला करून बाहेर आलो. नोट माझ्याकडे आहे. सांधा उघडू नये म्हणून ती मी काचेत ठेवली आहे, कुलूप लावून.