‘गॅरेजवर बसशील!’

आपल्या शाळांतून एक वाक्य वर्षानुवर्षे चालत आले आहे. गृहपाठ केला नाही, पाढे चुकले, चाचणीत कमी गुण पडले की ते उच्चारले जाते : “पढ ले, वर्ना गॅरेज पे बैठेगा!” मराठी शाळांतही ते वेगळ्या शब्दांत ऐकू येत असणार. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. मूल शिकावे, पुढे जावे, एवढाच हेतू असतो. तरीही या वाक्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपण टाळत आलो आहोत. ज्या कामाची आपण मुलांना भीती घालतो, त्या कामाचा आदर आपण करतो असे म्हणता येईल काय?

मी नवी मुंबईत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या वर्गातल्या मुलांचे वडील कोण आहेत ते पाहावे. कोणी तुर्भ्याच्या बाजारात टेम्पो चालवतो, कोणी ट्रकची पाटे बदलतो, कोणी वेल्डिंग करतो, कोणाचे रस्त्याच्या कडेला टायरचे दुकान आहे. त्या मुलांच्या कानावर हे वाक्य पडते तेव्हा त्यांना एकाच वेळी दोन धडे मिळतात. पहिला धडा अभ्यासाचा, दुसरा स्वतःच्या बापाचा. पहिला धडा बहुतेक मुले संध्याकाळपर्यंत विसरतात. दुसरा विसरत नाहीत. पुढे कधीतरी बाहेरचा कोणी ‘पंक्चरवाले’ म्हणून आपल्या समाजाला हिणवतो तेव्हा आपण संतापतो. संताप रास्तच आहे. पण तेच हिणवणे थोड्या सौम्य स्वरात आपण आपल्याच वर्गात करत असू, तर त्या संतापाला वजन कुठून येणार?

यावर उत्तर येते, “अहो, बापच असे म्हणतो!” हे खरे आहे. माझ्या अब्बांचेच पाहा. माणगावकडच्या खेड्यातून सातवी करून ते मुंबईला आले, एका उस्तादच्या हाताखाली राहिले आणि पस्तीस-चाळीस वर्षे मोटारींची कामे केली. माझ्या भावाला त्यांनी गॅरेजच्या उंबऱ्याला शिवू दिले नाही. आज तो आखातात एका कार्यालयात नोकरी करतो आणि अब्बांना त्याचे समाधान आहे. मग शिक्षकाचे वाक्य आणि बापाचे वाक्य एकच नव्हे काय?

शब्द एकच आहेत, अर्थ मात्र एक नाही. बाप बोलतो ते कामाच्या स्थितीबद्दल. गाडीखाली पाठ टेकून काढलेले पावसाळे, ऑइलने फाटलेली कातडी, गिऱ्हाइकाचा अरेतुरेचा स्वर, म्हातारपणी पेन्शन नाही, हे सारे त्याला ठाऊक असते. तो आपल्या मुलाला या स्थितीपासून वाचवू पाहतो. ज्याने ही स्थिती भोगलेली नाही, त्याच्या तोंडून तेच वाक्य आले की ते कामावरच निकाल देते. स्थिती वाईट आहे म्हणून काम हलके ठरत नाही. या दोन गोष्टींची आपण गल्लत केली आहे, आणि ती सोडवायची तर कामाकडेच नीट पाहावे लागेल.

मला ते जवळून पाहायला मिळाले ते अलीकडे. अब्बांनी काम थांबवल्यावर एका जुन्या गिऱ्हाइकाकडून १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी घेतली. तिचे इंजिन कामाला आले होते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी ते घरासमोरच्या ओट्यावर उतरवले. मुलगी असल्यामुळे मला गॅरेजची भीती कधी कोणी घातली नव्हती. मुलींसाठी आपल्याकडे वेगळे वाक्य आहे : “पढ ले, वर्ना शादी कर देंगे.” म्हणजे मुलाला मेहनतीची भीती आणि मुलीला संसाराची! माणसाच्या आयुष्यातल्या दोन मानाच्या गोष्टी आपण शिक्षेच्या खात्यात टाकून ठेवल्या आहेत.

पद्मिनी ही गाडी महाराष्ट्राला नवीन नाही. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून तिच्या गाड्या निघू लागल्या. इटलीच्या फियाट ११०० या गाडीचाच हा भारतीय अवतार. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे अनेक वर्षे हीच. इंजिन साधे : चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचे हेड. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर. वृत्तचितीच्या सूत्रात हे आकडे घालून चारने गुणले की १०८९ घनसेंटिमीटर येतात. हे गणित मी नंतर आठवीच्या वर्गात घातले. आकारमानाला उर्दूत ‘हजम’ म्हणतात. मराठीत त्याचा अर्थ निराळा आहे, पण त्या दिवशी वर्गाला सूत्र दोन्ही अर्थांनी हजम झाले.

इंजिन उघडताना पहिली शिकवण मिळाली ती क्रमाची. प्रत्येक व्हॉल्व्ह ज्या जागेवरून निघाला त्याच जागी परत गेला पाहिजे, कारण वर्षानुवर्षे घासून त्याची आणि त्या बैठकीची जोडी जमलेली असते. क्रँकच्या बेअरिंगच्या टोप्या वरून सारख्या दिसतात, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. अब्बा पंचने त्यांवर टिंबे मारतात, पहिलीवर एक, दुसरीवर दोन. दुसरी शिकवण मापाची. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या भागात, जिथे रिंगा थांबून परत फिरतात, तिथे तो जास्त झिजतो आणि गोलाई सोडून किंचित अंडाकृती होतो. डोळ्याला हे दिसत नाही. इंग्रजी मॅन्युअल वाचता न येणारे अब्बा मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचतात आणि बोअर करावे लागेल की नुसत्या रिंगांवर भागेल, ते ठरवतात. दशांश अपूर्णांक शिकवायला मला फळा लागतो. त्यांच्या हातात तो पन्नास वर्षांपासून आहे.

तिसरी शिकवण अशी की, खरा कारागीर हाताच्या मर्यादाही जाणतो. नट किती आवळला गेला हे अब्बांचा हात अचूक सांगतो. तरी हेड बसवताना त्यांनी शेजारच्या गॅरेजातून टॉर्क पाना मागवला. “हातावर भरवसा आहे, पण हेडवर हाताची परीक्षा घ्यायची नाही,” असे म्हणाले. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात, टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या ताणाने हेड आवळावे लागते. नाहीतर ॲल्युमिनियम वाकते आणि गॅस्केट फुटते. अनुभव आणि पुस्तक यांचे भांडण आपण लावतो. कारागिराकडे ते भांडण नसते. कुठे कोणाचे ऐकायचे हे तो जाणतो.

या जाणण्याला आपल्या परंपरेत नाव आहे. इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात हस्तकलांवर स्वतंत्र विवेचन केले आहे. एखादी कृती पुन्हा पुन्हा केल्याने ती माणसात मुरते, तिचा स्थायी गुण बनतो. या गुणाला ते ‘मलका’ म्हणतात. नुसत्या ऐकीव माहितीपेक्षा प्रत्यक्ष पाहून आणि करून मिळवलेला मलका अधिक पक्का असतो आणि त्यासाठी उस्ताद लागतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हुनरामुळे बुद्धी वाढते, असेही ते मानतात. त्यांच्याही आधी, १२०६ साली, अल-जझरी यांनी दियारबकरच्या दरबारात यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात चाकाच्या फिरण्यातून दोन पिस्टन मागेपुढे हलवून पाणी उपसणारा पंप आहे. त्या काळी विद्वान आणि कारागीर एकाच माणसात राहू शकत होते. ‘इल्म’ वरच्या मजल्यावर आणि ‘हुनर’ तळमजल्यावर ही वाटणी नंतरची आहे.

ही वाटणी मोडण्याचा एक प्रयत्न आपल्याच महाराष्ट्रात झाला. १९३७ साली वर्धा येथे गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि बुनियादी तालीमचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन. हस्तव्यवसायाला धरून भाषा, गणित, विज्ञान शिकवावे, हा त्या आराखड्याचा गाभा होता. बी.एड.च्या परीक्षेसाठी आम्ही सर्वांनी त्याच्यावर टीप लिहिली आहे. गुण मिळाले आणि विषय संपला.

पण माझ्या मते या कामातली सर्वांत मोठी गोष्ट बुद्धीची नसून नीतीची आहे. इंजिन एकदा बंद झाले की आत काय केले ते कोणालाच दिसत नाही. जुन्या रिंगा धुऊन परत घातल्या आणि पैसे नव्यांचे घेतले, तरी गिऱ्हाईक गाडी घेऊन आनंदाने जाईल. काही महिन्यांनी धूर येऊ लागेल तेव्हा दोष पेट्रोलला देता येईल. व्हॉल्व्ह घासून झाल्यावर अब्बांनी हेड उलटे ठेवले, खळग्यांत पेट्रोल ओतले आणि थेंब झिरपतो का ते पाहत बसले. एका खळग्यातून ओल आली. तो व्हॉल्व्ह पुन्हा काढला, पेस्ट लावून काठी तळहातांत रवीसारखी फिरवत पुन्हा घासला. गाडी आमचीच होती, घाई नव्हती, तपासणारे कोणी नव्हते. मी विचारले, “अब्बा, एवढीशी ओल चालली नसती का?” ते म्हणाले, “चालली असती. पण मला माहीत राहिले असते ना.”

अमानत म्हणतात ती हीच. दुसऱ्याची वस्तू सांभाळणे हा तिचा सोपा अर्थ. कोणी पाहत नसताना काम पूर्ण करणे हा अवघड अर्थ. आणि हा अवघड अर्थ सर्वच प्रतिष्ठित पेशांना लागू आहे. आम्हा शिक्षकांचे बहुतेक काम झाकलेलेच असते. पाठाची तयारी, वहीवरची लाल खूण, शेवटच्या बाकावरच्या मुलाला दिलेली दहा मिनिटे, यांपैकी काहीही तपासणीत दिसत नाही. म्हणून कोणते काम मोठे हे ठरवायचेच असेल, तर कपड्यांचा रंग पाहू नये. झाकण लावण्यापूर्वी तो माणूस काय करतो, ते पाहावे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि घेतला पाहिजे. “हे सारे छान आहे, पण तुम्ही तुमच्या मुलाला गॅरेजवर पाठवाल काय? नाही ना? मग गोडवे कशाला?” पाठवायचे नाही, हे उत्तर स्पष्ट आहे. शाळेच्या वयाच्या मुलाची जागा शाळेत आहे. २०१६ साली सुधारलेल्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आहे. घरच्या धोका नसलेल्या कामात शाळेनंतर किंवा सुट्टीत हातभार लावण्याची तेवढी मोकळीक आहे. कोवळ्या हातात पाना देऊन त्याला ‘छोटू’ म्हणणे हा हुनराचा आदर नव्हे, ती लूट आहे. शिवाय हा विशिष्ट हुनर ओसरतो आहे. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. विजेवर चालणाऱ्या गाडीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. अब्बांचे अर्धे ज्ञान त्यांच्याबरोबरच जाणार, हे त्यांनाही ठाऊक आहे.

तरीही आक्षेप चुकीच्या जागी बोट ठेवतो. आपले मूल तेच काम करते की नाही, ही आदराची कसोटीच नव्हे. आपण सैनिकाचा, दाईचा, शेतकऱ्याचा आदर करतो, पण आपल्या सर्व मुलांनी तेच व्हावे असे म्हणत नाही. कसोटी वेगळी आहे. त्या माणसाला आपण ‘अहो’ म्हणतो की ‘ए’? त्याच्या मजुरीवर घासाघीस करताना त्याच्या कौशल्याचा हिशेब धरतो की नुसत्या तासांचा? त्याचा मुलगा बापाचे काम वर्गात सांगताना मान खाली घालतो की वर करतो? आणि एखाद्या मुलाला दहावीनंतर खरोखरच आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा असेल, तर आपण त्याला नापासांच्या रांगेत उभे करतो की त्याच्या निवडीला निवड म्हणतो? भीतीने निवडलेली शाळा आणि भीतीने टाळलेले गॅरेज, दोन्हींत माणूस मोकळा नसतो. शिक्षणाचे काम मोकळे करण्याचे आहे.

पूर्वीच्या ज्ञानाची दखल घेऊन प्रमाणपत्र देण्याच्या सरकारी योजना आता आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्यासाठी. योजना चांगल्या आहेत. पण ज्या शाळेत वर्षाचे उरलेले दिवस त्याच कारागिराची भीती घातली जाते, तिथे हे दहा दिवस काय करणार?

म्हणून माझी सूचना साधी आहे, आणि तिला अनुदान लागत नाही. ते जुने वाक्य आपण शिक्षकांनी बंद करावे. त्याच्या जागी वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारावा : “तुझ्या अब्बांना, तुझ्या अम्मींना काय येते?” ते काय ‘करतात’ हा प्रश्न फॉर्मवर असतो आणि त्याचे उत्तर ‘मजुरी’ असे एका शब्दात संपते. काय ‘येते’ याचे उत्तर द्यायला मुलाला घरी जाऊन पाहावे लागेल, विचारावे लागेल, कदाचित पहिल्यांदाच. ते उत्तर वहीत लिहून आणले की तिथून गणित सुरू करता येईल, विज्ञान सुरू करता येईल, आणि मराठी-उर्दूचा निबंधही. त्यानंतर ते मूल डॉक्टर होवो, इंजिनिअर होवो वा मेकॅनिक. झाकण लावण्यापूर्वी ओल पाहण्याची सवय त्याला तिन्ही ठिकाणी लागणार आहे.