सेवेतील आनंद : देण्यात की घेण्यात?

परदेशी सेवेसाठी जाणाऱ्या ख्रिस्ती माणसाला आनंद कोठे मिळतो, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. आपण दुसऱ्याच्या दाराशी जातो ते त्याच्यासाठी की आपल्याच मनाच्या समाधानासाठी? हल्ली दहा-पंधरा दिवसांच्या सेवाफेऱ्याही निघतात. जाणारे परत येऊन फार आनंद झाला असे मंडळीत सांगतात. ज्यांच्या गावी ते गेले त्यांना आनंद झाला काय, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

यावर काही म्हणतील की सेवकाने आनंदाचा विचारच करू नये. कर्तव्य करावे आणि गप्प बसावे. हे आम्हांस पटत नाही. कपाळाला आठ्या घालून केलेली सेवा घेणाऱ्यालाच जड होते. प्रश्न आनंद असावा की नसावा हा नाही. तो कशावर उभा असावा हा आहे.

तो यशावर उभा करता येत नाही. ते सत्तर शिष्य आनंदाने परत आले, तेव्हा प्रभूने त्यांचे लक्ष त्यांच्या पराक्रमावरून काढून, त्यांची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याकडे वळवले (लूक १०). ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम येथे पाच तरुणांना परदेशी सेवेसाठी दीक्षा मिळाली. त्यांपैकी अदोनिराम जडसन १८१३ साली ब्रह्मदेशात पोहोचले. तेथील पहिल्या विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा झाला तो १८१९ साली. गॉर्डन हॉल त्याच १८१३ साली मुंबईस आले आणि १८२६ साली नाशिककडील सुवार्ताफेरीत पटकीने वारले. आनंद जर फळे मोजून मिळत असता, तर अशांच्या वाट्याला काय आले असते?

मग तो कोठे सापडतो? प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ पाहा. पौल आणि सीला समुद्र ओलांडून मासेदोनियात, फिलिप्पै नगरात गेले. त्यांना फटके बसले, पाय खोड्यात अडकले, तरी मध्यरात्री ते स्तोत्रे गात होते. आपण बहुधा येथेच आणि पुढच्या भूकंपापाशी थांबतो. परंतु त्यानंतर काय झाले? बंदिशाळेच्या नायकाने त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना घरी नेले आणि जेवू घातले. आनंद झाल्याचा उल्लेख त्या रात्रीच्या वृत्तांतात येतो तो याच घरात, आणि तो त्या नायकाच्या कुटुंबाचा आनंद आहे. द्यायला आलेल्या पौलाने आपली पाठ दुसऱ्याच्या हाती दिली. पुढे तुरुंगातून त्याने आनंदाने भरलेले पत्र लिहिले तेही याच फिलिप्पैकरांना. आणि त्यांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत त्याने संकोच न करता स्वीकारली होती.

येथे कोणी विचारील, घेण्यापेक्षा देण्यात अधिक धन्यता आहे, असे प्रभूचे वचन पौलानेच सांगितले ना? होय, सांगितले. म्हणूनच आम्ही विचारतो : देण्यात अधिक धन्यता असेल, तर ती सगळी आपणच का घ्यावी? जो सेवक नेहमी देतोच आणि कधी घेत नाही, तो समोरच्याला त्या धन्यतेपासून वंचित ठेवतो. त्याला नकळत कायमचा याचक करतो. अशा सेवेत एकाचा अभिमान वाढतो आणि दुसऱ्याची मान खाली जाते. आनंद दोघांनाही मिळत नाही.

हॉल आणि जडसन यांना परक्या देशात प्रथम विद्यार्थी व्हावे लागले. ज्यांना शिकवायचे त्यांच्याचकडून बाराखडी शिकावी लागली. परदेशी जाणाऱ्याने आजही हेच करावे. यजमानाची भाकरी कृतज्ञतेने खावी, लहान मुलाने उच्चार सुधारला तर हसून तो पुन्हा म्हणावा, आजारी पडल्यास त्यांची शुश्रूषा स्वीकारावी. अशा घेण्यातून सेवक आणि यजमान एका मेजावर बसतात, आणि आनंद तेथे न शोधता येतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. फिलिप्पैची गोष्ट सांगताना भूकंपावर संपवू नका. मुलांना त्या पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि त्या जेवणापर्यंत न्या. त्यांतील एखादे मूल उद्या दूरदेशी सेवेला जाईल. त्याने दोन्ही हात भरून न्यावेत, पण तेथे पोहोचल्यावर एक हात रिकामा ठेवण्यास शिकावे.