खुडूक आणि खाडा

‘खुडूक’ हा शब्द मी कोंबड्या पाळायच्या कितीतरी आधी ऐकला होता, आणि तो कोंबडीबद्दल नव्हता. नात्यातल्या एका आजीबद्दल कुणीतरी म्हणालं होतं, ‘ती आता खुडूक झाली.’ म्हणजे काम होत नाही, हालचाल नाही, खाटेवर बसून असते. पुढे मंगरूळपीरला आमचं घर झालं, मागे थोडी मोकळी जागा होती, सासूबाईंनी गावाकडून तीन गावठी कोंबड्या धाडल्या. त्यांच्या सात झाल्या, वर एक कोंबडा. एका आषाढात त्यातली राखाडी खोक्यात जाऊन बसली ती उठेचना. तेव्हा कळलं की शब्द मूळचा तिचा. आजीला तो उसना मिळाला होता.

आमच्याकडे अंड्यांचा हिशेब कालनिर्णयवर असतो. तारखेच्या चौकोनात वर दुधाचा खाडा, खाली अंड्यांचा आकडा. राखाडी बसली त्या आठवड्यात मी खालच्या ओळीतही ‘खाडा’ लिहिलं. लिहिताना त्यात काही विचित्र वाटलं नाही. दूधवाला आला नाही की खाडा, कोंबडीनं अंडं दिलं नाही की खाडा.

गंमत म्हणजे तिच्या पुढ्यात अंडं नव्हतंच. मी अंडी रोजच्या रोज उचलत होते. तरी ती रिकाम्या गवतावर पिसं फुलवून, शेपूट पसरून, नजर एका जागी लावून बसलेली. हात नेला की घशातून गुरगुरायची आणि टोचायची. दिवसातून एकदा उठायची. चार दाणे, पाणी, धुळीत अंग घोळून घेणं, एक भलीमोठी घाणेरड्या वासाची विष्ठा, आणि पंधरा-वीस मिनिटांत परत जागेवर. आठ दिवसांत तुरा फिका पडला. छातीखालची पिसं जाऊन कातडी उघडी पडली. वजन हाताला कमी लागायला लागलं. शिवाय तिनं खोकं अडवल्यामुळे बाकीच्या कोंबड्या कुठे कुठे जाऊन अंडी घालू लागल्या. एक तर थेट सरपणाच्या ढिगात.

उपाय सांगणारे कमी नव्हते. कुणी म्हणालं पाय बांध, कुणी म्हणालं बादलीत बुडव. एकानं तिचंच पीस तिच्या दोन्ही नाकपुड्यांतून आरपार घालायला सांगितलं. हा उपाय खेड्यांत अजूनही करतात, आणि तो करणाऱ्याला आपण काही क्रूर करतोय असं वाटत नाही. मी बादली निवडली. बाहेर आषाढाची झड लागलेली, त्यात मी तिला गार पाण्यात पोटापर्यंत धरून उभी. सोडल्यावर ती निथळत निथळत खोक्याकडे गेली आणि बसली. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, पण अंडी मिळत नाहीत याचा रागही गेला नव्हता. शेवटी भाजीवाल्याकडून प्लॅस्टिकची दोन कॅरेट आणली. एक दोन विटांवर ठेवलं, खालून वारा खेळेल असं. दुसरं त्यावर पालथं घातलं. आत गवत नाही, पोतं नाही, फक्त दाणापाणी. चौथ्या दिवशी सोडली तर ती बाकीच्यांबरोबर उकिरडा उकरायला लागली. दीडेक आठवड्यानं अंडं आलं. मी कालनिर्णयवर आकडा लिहिला.

बादली आणि कॅरेट, दोन्हींमागची युक्ती एकच: पोट गार करायचं. खाली ऊब लागत राहिली की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं द्रव्य पाझरत राहतं, आणि ते पाझरतं तोवर कोंबडी बसते; अंडाशय आक्रसतं, अंडी थांबतात. ऊब तोडली की दोन-चार दिवसांत हे ओसरतं. अमेरिकेतल्या ऑस्कर रिडल यांनी कबुतरांवर काम करताना १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला या द्रव्याला नाव दिलं. कबुतर पिलांना गळ्यातल्या पिशवीतून दुधासारखं काही भरवतं, ते याच द्रव्यामुळे. पुढे १९३५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते अंड्यावरच्या कोंबड्यांना टोचलं आणि कोंबड्या बसल्या. बाळंतिणीला दूध येतं तेही याच द्रव्यानं. त्याच्या नावातच दूध आहे. कोंबडीला स्तन नाहीत. बाळंतिणीत जे दूध होऊन उतरतं, ते तिच्यात बसणं होऊन उतरतं.

हे वाचल्यावर ‘खुडूक’ या शब्दाबद्दल माझी तक्रार सुरू झाली. एकवीस दिवस एका जागी, अंड्यांना साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब, दिवसातून कितीदा तरी चोचीनं अंडी फिरवणं, कडेची आत, आतली कडेला. कवच फुटायच्या एक-दोन दिवस आधी पिलं आतून चिवचिवतात आणि ती हलक्या आवाजात उत्तर देते. हेच काम यंत्रानं करायचं तर वीज लागते, पंखा लागतो, ओलावा राखावा लागतो, अंड्यांचे ट्रे तासातासाला कलते करावे लागतात. यंत्र चाललं की आपण म्हणतो हॅचरी सुरू आहे. कोंबडी बसली की म्हणतो ती बंद पडली. शब्द टोपलीच्या बाजूनं घडवलाय. टोपलीत काही पडत नाही, एवढंच त्याला दिसतं.

पुढच्या खेपेला, हिवाळ्याच्या तोंडावर, राखाडी पुन्हा बसली. मी कॅरेट काढलं. ते भिंतीपलीकडून शेजारच्या खालांनी पाहिलं. आमच्या गावाला मंगरूळपीर म्हणतात तसं मंगरूळनाथही म्हणतात. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढीच आहे, आणि तिच्यावरून आजवर कढीपत्ता, शीरखुर्मा, पुरणपोळी सगळं गेलंय. खाला म्हणाल्या, “कायले कोंडतं तिले?” मी अंड्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बेटा, तुले अंडे पायजे का कोंबड्या, थे पयले ठरव.”

मी ठरवलेलंच नव्हतं. मला वाटत होतं दोन्ही एकच आहे.

खालांकडे वनराजाच्या सहा कोंबड्या होत्या. हैदराबादच्या संशोधन संस्थेत परसातल्या पालनासाठी तयार केलेली ही जात अंडी गावठीपेक्षा बरीच जास्त देते, अंगानंही भरते. पण बसत मात्र सहसा नाही. त्यांच्याकडे अंडी होती, बसणारी नव्हती. माझ्याकडे बसणारी होती. व्यवहार ठरला: अंडी त्यांची, कोंबडी माझी, पिलं अर्धी अर्धी. खालांनी अंडी गव्हाच्या डब्यात, गारव्याला ठेवलेली. विषम संख्या हवी म्हणून तेरा निवडली. गवतात एक खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला, विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. मी हसले नाही. खिळ्यानं काही होत नसेल, पण बाकी सगळं त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. वैशाखात कोंबडी का बसवायची नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आपल्याकडे पारा ४४-४५ला टेकतो तेव्हा डब्यातल्या अंड्यात जीव आपोआप हलायला लागतो, अर्धवट वाढतो आणि मरतो. मग तीच अंडी बसवली तर तीन आठवड्यांनी नुसता वास. हे कारण त्या वेगळ्या शब्दांत सांगत होत्या. निष्कर्ष बरोबर होता.

सातव्या रात्री आम्ही दोघींनी मोबाइलच्या उजेडात अंडी पाहिली. दहांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा होत्या, तीन कोरी. ती तीन काढली. एकविसाव्या दिवशी नऊ पिलं निघाली. एक मांजरानं नेलं, एक घारीनं. सात राहिली, सातवं कुणाचं यावर आम्ही अजून हसतो.

गावठी कोंबडीचं वर्ष मग मला नीट दिसलं. बारा-पंधरा अंडी घालायची, एकवीस दिवस बसायचं, दोन महिने पिलं हिंडवायची, पुन्हा अंड्यावर यायचं. वर्षाला अशा तीन-चार फेऱ्या, अंडी पन्नास-साठ. पिंजऱ्यातली व्हाइट लेगहॉर्नच्या वंशातली कोंबडी तीनशेच्या वर देते. हा फरक नुसत्या खाद्याचा नाही. माणसानं पिढ्यान् पिढ्या बसणाऱ्या कोंबड्या बाजूला काढल्या, न बसणाऱ्यांचीच अंडी उबवली, आणि ते बसणंच रक्तातून पुसत आणलं. ते परवडलं, कारण उबवायला यंत्र होतं. इजिप्तमधले लोक तर हजारो वर्षांपासून मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवत. ऊब मोजायला अंडं पापणीला लावून बघत. मात्र बसणं पुसल्याच्या बदल्यात पिलू विकतचं झालं. पऱ्हाटीचं बीटी बियाणं जसं दरवर्षी दुकानातून आणायचं, तसं. आमच्या वाशीमकडे सोयाबीनचं अजून तसं झालेलं नाही; घरचं सोयाबीन पुढच्या वर्षी पेरता येतं. २०२०च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात विकतचं बियाणं उगवलंच नाही अशा तक्रारींचा पूर आला, तेव्हा ज्यांच्या घरात राखलेलं होतं ते सुटले. खुडूक कोंबडी हे त्या जातीचं सुख आहे. महाग पडतं, पण आपलं असतं.

तीनशे अंड्यांच्या कोंबडीला मी नावं ठेवणार नाही. शाळेतल्या पोरांना अंडं मिळायचं तर ते पन्नास अंड्यांच्या कोंबडीकडून मिळणार नाही. माझी अडचण हिशेबाच्या त्या एका शब्दाशी आहे, कालनिर्णयवर मी इतक्या सहज लिहिलेल्या.

पुढचं लिहिताना हात अडखळतो. बाईची तुलना कोंबडीशी करायची नाही, आपल्या भाषेनं ती पुरेशी करून ठेवलीय. पण ‘खाडा’ हा शब्द मी दुसरीकडेही वाचला होता. बीडकडचे ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतात, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आणि काम चुकलं त्या दिवसाचा खाडा अंगावर दंड म्हणून बसतो. पाळीचा त्रास, गरोदरपण, सगळं खाड्यात. २०१९ साली त्या जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या प्रत्येकीनं ती खाड्यापायीच काढली असं म्हणता येणार नाही. आजार होते, भीती घालणारेही होते. तरी एकदा रोजचं माप ठरलं, की शरीराचा जो भाग त्या मापात बसत नाही तो अडगळ वाटायला लागतो. बाहेरच्यालाच वाटतो असं नाही, जिचं शरीर तिलाही. मला भीती वाटते ती या ‘तिलाही’ची.

कोंबडीच्या बाबतीत मात्र ही अडगळ पुरती निघत नाही. डार्विननं १८६८च्या पाळीव प्राण्यांवरच्या ग्रंथात हे नोंदवलंय: न बसणाऱ्या दोन वेगवेगळ्या जातींचा संकर केला, की त्यांच्या पोटच्या कोंबड्या पुष्कळदा बसायला लागतात. आई बसत नाही, बापाच्या जातीत कुणी बसत नाही, आणि लेक खोक्यात जाऊन गुरगुरते. मी हे खालांना सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. राखाडीनं उबवलेल्या त्या पिलांतली एक तलंग आता त्यांच्याकडे बसायला लागलीय. आई वनराजा; बाप मात्र आमचा गावठी कोंबडा, बसणाऱ्या जातीचा.

कॅरेट मी टाकून दिलेलं नाही. वैशाखात कुणी बसली, किंवा एका वेळी तिघी बसल्या, किंवा महिनाभर रिकाम्यावर बसून एखादी झिजायला लागली, तर मी अजून तेच वापरते. दोन विटा, खालून वारा, आत दाणापाणी, तीन-चार दिवस. अंडं नसताना उपाशी बसू देणं ही काही दया नव्हे. नवीन कोंबड्या पाळणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच: बादली नको, नाकात पीस तर नकोच, आणि कॅरेट उचलायच्या आधी शेजारी कुणाकडे बसवायला अंडी आहेत का, ते विचारा.

राखाडी सध्या आमच्याकडे नाही. ती खालांच्या पडवीत बसलीय, पंधरा अंड्यांवर. आज अठरावा दिवस. कालनिर्णयवर तिचा रकाना मी कोरा ठेवलाय.