हाताची ऊब

स्लिप गेजची पेटी समोर आली की टूलरूममधला नवा मुलगा आधी मोठा ठोकळा उचलतो. ५८.९७५ मिलिमीटरची गड्डी लावायची, तर सुरुवात शेवटच्या अंकापासून करावी लागते. १.००५ घेतला की तिसऱ्या स्थळावरचा पाच मिटला, मग १.४७, मग ६.५, आणि उरतात नेमके ५०. संचात ८७ ठोकळे असले तरी काम चारांत भागतं. जितके सांधे कमी, तितक्या चुका कमी.

कातड्याने पुसलेले दोन ठोकळे आडवे टेकवून, सरकवत फिरवले की एकमेकांना धरून बसतात. पाहणाऱ्याला चुंबक वाटतो. पकड असते ती विलक्षण सपाट पृष्ठभागांची आणि मधल्या तेलाच्या नावापुरत्या थराची.

ही युक्ती स्वीडनमधल्या एस्किलस्तुनाच्या बंदूक कारखान्यातल्या कार्ल एडवर्ड योहान्सनची. १८९६ मध्ये जर्मनीतल्या माउझर कारखान्यात त्याने पाहिलं, की प्रत्येक मापासाठी वेगळा ठोकळा ठेवलेला आहे. त्याने १०२ ठोकळ्यांत वीस हजार मापं बसवली. त्यांचं घासकाम त्याने घरी, बायकोच्या शिलाई मशीनमध्ये फेरफार करून केलं. तिचं मत कुणी नोंदवलेलं माझ्या वाचनात नाही.

पेटीतलं सामान, म्हणजे होल्डर, जबडे, रेघ मारायचं टोक, बहुतेक ठिकाणी धूळ खातं. डिजिटल हाइट गेज आल्यावर टोकाची गरज उरली नाही, हे मान्य. पण बोअर गेजचा शून्य लावायला होल्डरमध्ये गड्डी आणि तिच्या दोन टोकांना सपाट जबडे, यासारखी सोय नाही. जबड्यांमधलं अंतर म्हणजेच गड्डीची लांबी. स्क्रू मात्र बेताने आवळावा.

एवढं करून माप चुकतं ते बहुधा उबेने. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. हातात खेळवून ही गड्डी चार अंश तापली, तर ती अडीच मायक्रॉनहून जास्त वाढते. म्हणून लावून झाल्यावर ती सरफेस प्लेटवर निवू द्यायची. मालकाला तो वेळ फुकट गेलेला दिसतो.

पोलादी जॉब आणि गड्डी दोन्ही ३५ अंशांवर असतील तर फारसं बिघडत नाही, दोन्ही सारखीच फुगतात. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग असेल तर ते जवळजवळ दुप्पट वाढतं. मग या मापाच्या बोअरमध्ये दहा मायक्रॉनचा फरक केवळ उकाड्याचा. ड्रॉइंगवर टॉलरन्स पंधरा मायक्रॉनचा असेल, तर आधी हाउसिंगला थर्मामीटर लावा. गेजच्या ग्रेडवर वाद नंतर घालू.